वारसाहक्काच्या मालमत्तेतील सहमालकांचे वाद

वारसाहक्काच्या मालमत्तेतील सहमालकांचे वाद म्हणजे मृत व्यक्तीची जमीन, घर किंवा अन्य स्थावर मालमत्ता एकाहून अधिक वारसांकडे आल्यानंतर हिस्सा, ताबा, उत्पन्न, विक्री व वाटणी यांवरून त्यांच्यात उद्भवणारे वाद होत. महाराष्ट्रात असे वाद वारसांचा व्यक्तिगत कायदा, दिवाणी कायदा आणि महसूल कायदा यांच्या आधारे सोडविले जातात. गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगडसारख्या आदिवासी वस्तीच्या भागात जमातीची रूढी हाही निर्णायक घटक ठरतो.

सहमालकीचे स्वरूप

वाटणी होईपर्यंत प्रत्येक सहमालकाचा हक्क संपूर्ण मालमत्तेत असतो. तिच्या विशिष्ट तुकड्यावर नसतो. सहा एकरांत एकतृतीयांश हिस्सा असणे म्हणजे रस्त्यालगतचे दोन एकर आपले असणे नव्हे. एका सहमालकाचा ताबा हा कायद्याने सर्वांच्या वतीने असलेला ताबा मानला जातो. त्यामुळे एका भावाने बारा वर्षे जमीन कसली, एवढ्यावरून बाहेरगावी राहणाऱ्या भावाचा किंवा सासरी गेलेल्या बहिणीचा हक्क संपत नाही. त्यासाठी त्यांचा हक्क उघडपणे नाकारून त्यांना मालमत्तेपासून वंचित ठेवल्याचे सिद्ध व्हावे लागते.

लागू होणारा वारसा कायदा

हिंदू, बौद्ध, जैन व शीख वारसांना हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू होतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, तर केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलींना वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला. हा हक्क मिळण्यासाठी त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. मुस्लिम वारसांचे हिस्से मुस्लिम व्यक्तिगत कायद्यानुसार, तर ख्रिश्चनांचे भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार ठरतात.

चिचगड परिसरातील स्थिती

ब्रिटिश काळात चिचगड ही भंडारा जिल्ह्यातील एक जमीनदारी होती. मध्य प्रांतातील अनेक जमीनदाऱ्या अविभाज्य मानल्या जात व त्या एकाच वारसाकडे जात. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने १९५१ मध्ये ही व्यवस्था संपुष्टात आली. १९५६ मध्ये भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १९९९ मध्ये त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला.

हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २(२) नुसार, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज तो कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. म्हणून गोंड कुटुंबातील मुलीचा हिस्सा जमातीच्या सिद्ध झालेल्या रूढीवर अवलंबून राहतो. छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना त्यांना वारसा नाकारणे हे समानतेच्या घटनात्मक तत्त्वाविरुद्ध आहे, असे न्यायालयाने म्हटले. रूढी सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असल्याने या निर्णयाचे महत्त्व अधिक आहे.

वनहक्क कायदा, २००६ अन्वये मिळालेली जमीन वारसांकडे जाते, परंतु ती विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. विवाहित व्यक्तीच्या बाबतीत हा हक्क पती व पत्नी दोघांच्या नावे नोंदविला जातो.

सातबारा आणि मालकी

वारसाची नोंद फेरफाराने सातबारा उताऱ्यावर घेतली जाते. ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. तथापि ती महसुली प्रयोजनासाठी असते आणि तिने मालकी निर्माण होत नाही किंवा नष्टही होत नाही. उताऱ्यावर नाव नसलेली बहीण त्यामुळे आपोआप हक्क गमावत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र मात्र हक्क खरोखर सोडून देते. ‘वारसनोंदीसाठी सही हवी’ असे सांगून अशा दस्तावर सही घेतली गेल्यास त्यातून दीर्घकाळ चालणारे वाद उद्भवतात.

वाटणीची प्रक्रिया

सर्व सहधारकांची संमती असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ नुसार तहसीलदाराकडून शेतजमिनीची वाटणी करून घेता येते. मालकीविषयी वाद उपस्थित झाल्यास तो आधी दिवाणी न्यायालयात सोडवावा लागतो. न्यायालय प्रथम प्राथमिक हुकूमनाम्याने हिस्से ठरविते. त्यानंतर शेतसारा लागू असलेल्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. घरासारख्या मालमत्तेसाठी न्यायालय आयुक्त नेमू शकते.

धानाच्या लहान बांध्या, सामाईक बोडी किंवा विहीर यांची वाटणी विशेष कठीण असते. तुकडेबंदी कायदा, १९४७ शेतीचे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडण्यावर निर्बंध घालतो. जी मालमत्ता सोयीस्करपणे विभागता येत नाही, ती विभाजन अधिनियम, १८९३ नुसार विकून रक्कम वाटता येते. एखाद्या सहमालकाने राहत्या कौटुंबिक घरातील हिस्सा परक्यास विकला आणि त्या खरेदीदाराने वाटणीचा दावा केला, तर उरलेल्या सहमालकांना न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस तो हिस्सा विकत घेण्याची संधी मिळते.