बोटीवर चढताना सामान कसे बांधावे?



या पत्रकातून आम्ही एरवी बेणे, लागणीच्या तारखा, तोडणीचा कार्यक्रम आणि उसाचे पेमेंट याविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे. चकलांबा गटातल्या दोघा-तिघा सभासदांनी गट ऑफिसात विचारणा केली की, "पोरगं पुण्याला नोकरीला आहे. आम्हा दोघांना मुंबईहून बोटीनं गोव्याला न्यायचं म्हणतंय. सामान किती न्यायचं अन् कसं न्यायचं?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे मोठे पाणी म्हणजे गोदावरी, नाही तर जायकवाडीचा फुगवटा. समुद्र चकलांब्यापासून तीनशेहून अधिक किलोमीटर लांब. एस.टी.च्या टपावर बोचके टाकायची, रेल्वेत बाकाखाली पेटी सरकवायची आपल्याला सवय आहे. बोटीची रीत त्याहून वेगळी असते. ती आधी माहीत असली म्हणजे धक्क्यावर गडबड होत नाही. म्हणून जमेल तेवढी माहिती येथे देत आहोत.

पूर्वीची बोट आणि आताची बोट

मुंबईहून कोकण-गोव्याकडे जाणारी जुनी बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटत असे. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावे जुन्या माणसांना आठवत असतील. त्या वेळी प्रवाशाजवळ वळकटी, पत्र्याची पेटी आणि फडक्यात बांधलेली शिदोरी असे. डेकवर जागा धरायची, वळकटी उलगडायची, की झाली सोय. पुष्कळ बंदरांत बोट काठाला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, पेट्या, फणस, कोंबड्या सगळे पडावातून ने-आण होई. हलत्या पडावातून बोटीवर चढायचे म्हटल्यावर एक हात मोकळा ठेवावाच लागे. ती सेवा पुढे बंद पडली.

आताची बोट म्हणजे पाण्यावरची मोठी लॉजिंग-बोर्डिंगच. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली होती, पण ती फार काळ चालली नाही. २०२१ सालच्या सप्टेंबरात 'कॉर्डेलिया'च्या सफरी मुंबईहून सुरू झाल्या. मुंबईत बॅलार्ड पिअरला प्रवासी बोटींसाठी नवे टर्मिनल बांधले असून त्याचे उद्घाटन २०२५ साली झाले. येथे पडाव नाही आणि वळकटीही लागत नाही. अंथरूण, पांघरूण, टॉवेल, दोन वेळचे जेवण हे सारे बोटीवरच मिळते. त्यामुळे निम्मे ओझे घरीच कमी होते.

सामानाचे दोन भाग

मुख्य गोष्ट ही की, बोटीवर चढताना आपले सामान आपल्यापासून वेगळे होते. धक्क्यावर पोचल्यावर मोठी बॅग आपल्याकडून घेतात. तिला चिठ्ठी लावलेली असते. चिठ्ठीवर नाव, मजला आणि खोलीचा नंबर असतो. बॅग यंत्रातून तपासली जाते आणि मग बोटीचे कामगार ती आपल्या खोलीच्या दाराशी आणून ठेवतात. पण लगेच नव्हे. हजार-दीड हजार माणसांच्या बॅगा लावायच्या म्हणजे काही तास जातात. दुपारी दिलेली बॅग हाती यायला संध्याकाळ होऊ शकते. खोलीसुद्धा चढल्या-चढल्या मिळेलच असे नाही.

म्हणजे हातात धरलेली लहान पिशवी हाच तेवढ्या वेळेपुरता आपला संसार. ती विचाराने भरावी.

ही विद्या आपल्या भागाला नवी नाही. दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडची माणसे ऊसतोडीला निघतात. पाच-सहा महिन्यांचे बिऱ्हाड ट्रॉलीत चढवायचे असते. त्यात बाईमाणूस काय करते? कोपीचे बांबू, ताडपत्री, ज्वारीचे पोते खाली. पण भाकरीचे गाठोडे, पाण्याचा कॅन, पोराचे दुपटे आणि औषधाची पुडी आपल्या मांडीजवळ. रात्री दोन वाजता वाट अडली तर पोते उपसून औषध काढता येत नाही, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. बोटीवरचा नियम हाच आहे.

मोगल लाइनच्या बोटी मुंबईहून जेद्दाला जात, तेव्हा हाजी लोकही असेच सामान लावीत. मराठवाड्यातले हाजी पेट्या-बोचकी घेऊन मुंबई गाठीत. समुद्रातून होणारी ही यात्रा १९९५ साली बंद झाली. जेद्दा येण्याआधीच, भर समुद्रात, एका ठरलेल्या टप्प्यापूर्वी पुरुषांना इहरामची दोन बिनशिवलेली पांढरी वस्त्रे नेसावी लागत. ती वस्त्रे गोदामातल्या पेटीत राहिली तर काय उपयोग? ती हाताशीच हवीत.

विलायतेला जाणाऱ्या मोठ्या बोटींवर तर सामानाचे तीन प्रकार असत. काही खोलीत न्यायचे, काही वाटेत लागेल म्हणून सामानखोलीत ठेवायचे, आणि काही 'प्रवासात लागणार नाही' अशी चिठ्ठी लावून तळाच्या गोदामात टाकायचे. गोदामातले सामान मुक्काम आल्यावरच दिसे.

पेटी एका बोटीत, माणूस दुसऱ्या बोटीत

सामान वेगळे होते म्हणजे काय होऊ शकते, याचा एक दाखला आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परत निघाले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती, शिक्षण अर्धे राहिले होते आणि पहिले महायुद्ध चालू होते. ते स्वतः मार्सेल्सहून 'कैसर-ए-हिंद' बोटीने निघाले आणि कोलंबोमार्गे ऑगस्टमध्ये मुंबईला सुखरूप पोचले. त्यांचे सामान मात्र दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. पोट मारून जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. सामानाचा विमा होता, त्याची भरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले. बडोद्याच्या नोकरीवर जाण्यासाठी तेच पैसे कामी आले. पुढे १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि राहिलेले शिक्षण पुरे केले.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. जे पुन्हा मिळणार नाही, ते शक्य तोवर आपल्याबरोबर ठेवावे. आणि जे द्यावेच लागते, त्याची पावती व विमा असावा. विम्याने पुस्तके परत आली नाहीत, पण पुढची वाट चालता आली. आपल्यालाही मोठ्या बॅगेच्या चिठ्ठीचा दुसरा तुकडा मिळाला तर तो फेकू नये, खिशात ठेवावा.

हातातल्या पिशवीत काय ठेवावे

१. तिकीट, बोर्डिंगचा कागद आणि सरकारी ओळखपत्र. आधार कार्डाची झेरॉक्स नव्हे, मूळ कार्ड. बोट श्रीलंकेसारख्या परदेशी बंदराला जाणार असेल तर पासपोर्ट. तो मोठ्या बॅगेत गेला तर माणूस धक्क्यावरच अडकतो.

२. रोजची औषधे, सगळ्या दिवसांची. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि सोबत डॉक्टरची चिठ्ठी. पुडीत सुट्या गोळ्या बांधून नेऊ नयेत. तपासणाऱ्याला त्या कशाच्या ते कळत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते कधीच मोठ्या बॅगेत देऊ नये. खोलीत फ्रीज आहे का, हे तिकीट काढतानाच विचारावे.

३. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, मोबाईल आणि त्याचा चार्जर.

४. पैसे आणि दागिने. खरे तर दागिने घरी ठेवलेले बरे. लग्नाला नव्हे, सफरीला चाललो आहोत.

५. एक जोडी कपडे, एक शाल किंवा स्वेटर. बोटीत वातानुकूलन असते, आपल्या माणसांना गारठा वाजतो.

६. लहान मूल असल्यास त्याचे दूध, दुपटी.

७. बोट लागत असेल तर उलटी थांबवणारी गोळी. ही गोळी पोटात ढवळायला लागल्यावर नव्हे, डॉक्टरला विचारून आधीच घ्यायची असते.

पिशवी खांद्याला अडकवता येईल अशी असावी. टर्मिनलमध्ये रांगा आणि चालणे पुष्कळ आहे. दोन्ही हातांत ओझे असले की कागद काढताना तारांबळ होते.

मोठी बॅग शक्यतो मऊ घ्यावी. बोटीवरची खोली लहान असते. बॅग रिकामी करून पलंगाखाली सरकवता आली म्हणजे फिरायला जागा राहते. पत्र्याची ट्रंक नको. आणि बॅगेला रंगीत फडके किंवा जाड दोरा बांधा. शंभर काळ्या बॅगांत आपली काळी बॅग ओळखू येत नाही.

विमानात हातातल्या सामानाला साधारण ७ किलो आणि मोठ्या बॅगेला १५ किलो अशी मर्यादा असते. बोटीवर वजनाची एवढी ओढाताण नसते. पण जाताना बोट आणि येताना विमान असा बेत असेल, तर सामान विमानाच्या मापानेच भरावे. नाही तर परतीला जादा पैसे मोजावे लागतात.

काय नेऊ नये, आणि का

विळा, चाकू, अडकित्ता नेऊ नये. इस्त्री, पाण्याची विजेची किटली, शेगडी, वायरची लांब बोर्डे नेऊ नयेत. उदबत्ती, कापूर, निरांजन, मेणबत्ती यांनाही बंदी असते. देवपूजा नेमाची असेल तर हात जोडून करावी, दिवा घरी आल्यावर लावावा. बाहेरची दारू चालत नाही. घरचे जेवण आणि फराळही बहुतेक बोटी वर येऊ देत नाहीत. एवढ्या माणसांची पोटे एका स्वयंपाकघरावर अवलंबून असतात, तेथे बाहेरच्या अन्नाने पोटाची साथ पसरली तर आवरता येत नाही. पथ्याचे जेवण हवे असेल तर आधी कळवावे, सोय होते.

आगीचा नियम काहींना जाचक वाटतो. पण विचार करा. शेतात गंजीला आग लागली तर चार गावची माणसे धावून येतात. भर समुद्रात कोण धावणार? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीवर आग लागली. बोटीत कापसाच्या हजारो गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकेही होती. कापूस आतल्या आत कसा धुमसतो, हे आपल्या बीड जिल्ह्याला सांगायला नको. स्फोट होऊन शेकडो माणसे गेली. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. म्हणूनच १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. ही बोट तर गोदीत उभी होती, शेजारी सारी मुंबई होती. तरी आग आवरली नाही.

सामान सोडायची वेळ

आता सर्वांत महत्त्वाचे. बोट सुटण्याच्या सुमारास प्रत्येक प्रवाशाला धोक्याच्या वेळी कुठे जमायचे ते दाखवतात, जीवरक्षक जाकीट कसे घालायचे ते सांगतात. २०१२ साली इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही मोठी प्रवासी बोट खडकावर आपटली आणि ३२ माणसे दगावली. काही प्रवासी त्याच दिवशी चढले होते, त्यांची ही तालीम झालीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला. ही तालीम कंटाळा करून टाळू नये. धोक्याची खूण जगभर एकच आहे : भोंग्याचे सात आखूड आवाज आणि एक लांब आवाज.

तो आवाज आला की बॅगेकडे वळायचे नाही. हाताशी असले तर औषध आणि अंगावर गरम कपडा, बस्स. अरुंद बोळातून एकाने बॅग ओढत आणली तर मागची पन्नास माणसे अडतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पाणी माणसाला किती थोडा वेळ देते, हे कोकणाला त्या दिवशी समजले.

आपल्या माणसाला वस्तूची माया फार. घामाच्या पैशातून घेतलेली असते, सुटत नाही. पण कुटुंबातल्या सर्वांनी निघण्यापूर्वीच हे ठरवून ठेवावे की, भोंगा झाला तर म्हाताऱ्यांचा आणि पोरांचा हात धरायचा. हात दोनच असतात. त्यात बॅग धरली तर पोर सुटते.

उतरताना

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठी बॅग नवी चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायला सांगतात. ती रात्रीच उचलून नेतात आणि सकाळी टर्मिनलमध्ये मिळते. बॅग बाहेर ठेवण्याआधी सकाळचे कपडे, चपला, औषधे आणि ओळखपत्र काढून घ्या. सगळे कपडे बॅगेत भरून रात्रीच्याच वेशात मुंबईत उतरण्याची पाळी येते, असे प्रकार बोटीवर नवे नाहीत.

प्रत्येक कंपनीचे बारीकसारीक नियम वेगळे असतात. तिकिटासोबत आलेला कागद पोराकडून वाचून घ्या आणि तोच अखेरचा माना. ही माहिती चकलांब्याबरोबर इतर गटांतल्या सभासदांनाही उपयोगी पडेल, अशी आशा आहे. जे जाऊन येतील त्यांनी आपला अनुभव चार ओळींत गट ऑफिसात लिहून द्यावा. पुढच्या अंकात अवश्य छापू.