कुळाच्या रकान्यातलं नाव

'सरंजामशाही' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभं राहतं? चिलखत घातलेला घोडेस्वार आणि खंदकाच्या आतला दगडी किल्ला, हो ना? आमच्या सातवीच्या वर्गात एका मुलीने मला विचारलं, "बाई, आपल्या मावळात होते का हो असले सरदार?" मी म्हटलं, "लोणावळ्याहून लोकलने पुण्याला जाताना तळेगाव लागतं. त्याचं पूर्ण नाव काय?" "तळेगाव दाभाडे!" सगळा वर्ग ओरडला. "मग हे दाभाडे कोण?" वर्ग चिडीचूप.

खंडेराव दाभाड्यांना शाहू महाराजांनी १७१७ मध्ये सेनापती केलं. सेनापती म्हणजे फौज आली आणि फौज पोसायला पैसा लागतो. तो तिजोरीतून रोख न देता एखाद्या मुलखाचा वसूलच तोडून द्यायचा, त्याला म्हणत सरंजाम. म्हणजे शब्दच आपल्या घरचा!

युरोपातही राजा जमीन द्यायचा आणि सरदार फौज. पण तिथला शेतकरी बहुतेक ठिकाणी भूदास होता. धन्याला विचारल्यावाचून त्याला गावही सोडता येत नसे. मग १३४७ ते १३५१ या काळात प्लेगची साथ आली. युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं मेली. शेतं तेवढीच, राबणारे हात कमी! उरलेले म्हणू लागले, मजुरी वाढवा, नाहीतर आम्ही चाललो दुसरीकडे. १३८१ मध्ये तर इंग्लंडचे शेतकरी थेट लंडनवर चालून गेले. बंड मोडलं, पण जुने पाश पुढे सैल होत गेले ते गेलेच. रशियातल्या भूदासांना मात्र १८६१ पर्यंत वाट बघावी लागली.

आपल्या मावळात काय होतं? दाभाड्यांच्याही मागे जाऊ. सह्याद्रीच्या एकेका खोऱ्यावर एकेक देशमुख. रोहिड खोऱ्यात जेधे, हिरडस मावळात बांदल, मुसे खोऱ्यात पासलकर. वर राज्य आदिलशहाचं असो नाहीतर आणखी कुणाचं, खोऱ्यात हुकूम देशमुखाचा. सारा तोच गोळा करणार, आपला हक्क आधी कापून घेणार. बापानंतर मुलगा, हे ठरलेलंच. याला वतन म्हणत. वतनासाठी भाऊ भावाच्या जिवावर उठे.

शिवाजी महाराजांनी यातल्याच कितीतरी देशमुखांना सोबत घेतलं, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्यांनी देशमुखांचे पंखही कापले, हे फारसं कुणी सांगत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत ते आलं आहे. गढ्या-कोट बांधून बसलेल्या वतनदारांचे कोट महाराजांनी पाडले आणि इतर रयतेसारखी घरं बांधून राहायला सांगितलं. जमीन काठीने मोजली. पिकाचे पाच भाग, तीन रयतेला आणि दोन सरकारला. वतनदाराचा हक्क बांधून दिला, त्याहून जास्त घ्यायचा नाही. चाकरी करणाऱ्यांना गावं तोडून देण्याऐवजी शक्यतो रोख पगार. मला तर वाटतं, एखादा गड जिंकण्याहून हे अवघड होतं.

महाराजांनंतर मोगलांशी झुंजताना सरदार आपल्या बाजूला राहावेत म्हणून वतनं आणि सरंजाम पुन्हा द्यावे लागले. त्याचं पुढे काय झालं बघा. १७३१ मध्ये डभईला सेनापती त्र्यंबकराव दाभाडे आणि पेशवे पहिले बाजीराव एकमेकांवर चालून गेले. दोघेही शाहू महाराजांचेच! त्यात त्र्यंबकराव मारले गेले.

इंग्रजी अमलात देशमुखाचा दरारा ओसरला, पण सावकाराचा वाढला. कर्जापायी जमिनी त्याच्या नावावर गेल्या आणि कालचा मालक आपल्याच शेतात कूळ म्हणून राबू लागला. आपल्या शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापटांचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. तिथेही पुष्कळ जमीन सावकारांच्या नावावर होती. भरपाई कागदावरच्या नावाला मिळे, कूळ म्हणून राबणाऱ्याला नाही.

आणि युरोपातल्या भूदासाची आठवण यावी अशी माणसं आपल्या गावात होती, हेही सांगायला हवं. महार वतनदार! 'वतनदार' शब्द कानाला गोड लागतो, पण काम काय? रात्री-अपरात्री हाक आली की धावायचं, सरकारी सांगावे पोचवायचे, मेलेली जनावरं ओढायची. तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी जायचं. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि बलुतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे मंडळात याविरुद्ध विधेयक मांडलं. ते वतन कायद्याने संपायला मात्र १९५८ साल उजाडलं. तीस वर्षं! देशमुख-देशपांडे आणि कुलकर्णी यांची वतनं १९५० च्या कायद्याने आधीच गेली होती. वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. आज तुमच्या गावात पोलीस पाटील असतात ना, ते नेमलेले असतात. पाटलाच्या पोटी जन्मलं म्हणून कुणी पोलीस पाटील होत नाही.

राहिली जमीन. १९४८ मध्ये कूळ कायदा आला, १९५६ मध्ये सुधारला आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने तिचा मालक मानला गेला. फुकट नाही हं! किंमत ठरवून मिळे, ती हप्त्याने फेडायची. फेडली की '३२ म'चा दाखला मिळे. जपानमध्ये जसा दुसऱ्या महायुद्धानंतर कसणारा मालक झाला, तसंच हे. साथ नाही, बंड नाही, एका तारखेने झालं.

पण तारीख सगळ्यांच्या दारी पोचली नाही. कुणाचं कुळाच्या रकान्यात नावच लागलेलं नव्हतं, सगळा तोंडी व्यवहार. कुणी मालकाच्या भिडेने कचेरीत सांगून आलं, "मी कूळ नाही." पिढ्यान् पिढ्या खाली घातलेली मान एका कायद्याने कशी वर होणार? आणि नुसत्या मजुरीवर जगणाऱ्यांना तर या कायद्याने काहीच दिलं नाही.

मी वर्गाला सांगितलं, घरी जुना सातबारा किंवा फेरफार असेल तर बघा, 'कुळाचे नाव' हा रकाना शोधा. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने दुसऱ्या दिवशी घडीवर फाटलेल्या फेरफाराची झेरॉक्स आणली. पणजोबांचं नाव कुळाच्या रकान्यातून निघून मालकाच्या जागी गेलं होतं. खाली त्यांचा अंगठा. कागद बाकांवरून फिरत मागे गेला. शेवटच्या बाकावरच्या मुलाने तो बराच वेळ वाचला. म्हणाला, "आमच्या पणजोबांनी पण भातखाचरं केली होती बाई, पवनेच्या काठाला. आजी म्हणते, आपलं सगळं तोंडीच होतं."