हिऱ्याचे कोअर बिट : काँक्रीटचा नमुना कापण्याची सुरक्षित पद्धत

प्रास्ताविक

१० फेब्रुवारी २०२२ रोजी गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मधील चिंटेल्स पॅराडिसो संकुलाच्या ‘डी’ टॉवरमध्ये एकाखाली एक मजल्यांचे भाग कोसळले आणि दोन महिलांचा मृत्यू झाला. पुढे आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड आढळले. क्लोराइडमुळे आतल्या सळया गंजतात. बाहेरच्या गिलाव्यावरून मात्र ते कळत नाही. उभ्या इमारतीच्या काँक्रीटची ताकद आणि रसायन तपासायचे तर त्यातून दंडगोलाकृती नमुना, म्हणजेच कोअर, कापून काढावा लागतो. तो चुकीच्या पद्धतीने कापला, तर नमुना बिघडतो आणि इमारतही दुबळी होते.

बिट कसे कापते?

कोअर बिट म्हणजे पोलादी नळकांडे. त्याच्या तोंडावर सेगमेंट बसवलेले असतात. सेगमेंटमध्ये कृत्रिम हिऱ्याचे कण धातूच्या बंधकात रोवलेले असतात. हे कण काँक्रीट खरवडतात. वरचे कण बोथट होऊन गळतात, बंधक झिजतो आणि खालचे नवे कण उघडे पडतात. म्हणून एक नियम लक्षात ठेवावा : कठीण खडीसाठी मऊ बंधक, तर जास्त झीज करणाऱ्या भरड काँक्रीटसाठी कडक बंधक.

दिल्लीच्या जुन्या बांधकामांत बदरपूर रेती पुष्कळ वापरली गेली. ही क्वार्टझाइट खडकाची भरड असते. क्वार्ट्झची मोह कठीणता ७ आहे. अशा ठिकाणी पहिल्या छिद्रानंतर बिट तपासावे. सेगमेंट भराभर झिजत असतील तर अधिक कडक बंधक घ्यावा. ते काचेसारखे गुळगुळीत होऊन कापेनासे झाले असतील, तर घासणाऱ्या विटेवर बिट थोडे चालवून धार उघडावी. तरी फरक न पडल्यास अधिक मऊ बंधक घ्यावा.

कापण्याचे टप्पे

१. रीबार लोकेटरने सळया शोधून भिंतीवर खुणा कराव्यात. सळई टाळूनच जागा ठरवावी. पोस्ट-टेन्शन स्लॅबमध्ये आराखडा पाहिल्याशिवाय छिद्र घेऊ नये. ताणलेली केबल तुटल्यास जीव जाऊ शकतो.

२. स्टँड अँकर बोल्टने घट्ट बसवावा. गिलाव्यावर पकड फसवी असते, म्हणून आधी तो काढावा. नमुन्यासाठी यंत्र हातात धरून चालवू नये. बिट अडकल्यास मनगट पिळवटते.

३. यंत्र फक्त फिरण्याच्या मोडवर ठेवावे. हातोड्याच्या ठोक्याने सेगमेंट तुटतात.

४. वेग व्यासानुसार ठरतो. १०० मिमी व्यास आणि मिनिटाला ६०० फेरे असल्यास कडेचा वेग = ३.१४ × ०.१ × ६०० ÷ ६० = सुमारे ३.१ मीटर प्रतिसेकंद. बिट मोठे, तर फेरे कमी.

५. पाणी सतत सोडावे. ते सेगमेंट थंड ठेवते, गाळ बाहेर काढते आणि धूळ दाबते. सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही.

६. सुरुवातीला दाब हलका ठेवावा. गाळात धातूचे चकचकीत कण दिसले, तर सळई लागली असे समजून थांबावे आणि जागा बदलावी.

पाणी आणि वीज एकत्र असल्याने ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच अनिवार्य समजावे. सैल कपडे, ओढणी आणि सैल हातमोजे टाळावेत. स्लॅब आरपार कापताना खालची जागा मोकळी करून कोअरला आधार द्यावा. निसटलेला कोअर थेट खालच्या मजल्यावर पडतो.

नमुन्यावरून निष्कर्ष

कोअरचा व्यास खडीच्या कमाल आकाराच्या किमान तिप्पट हवा. आयएस ५१६ (भाग ४) : २०१८ नुसार लांबी-व्यास गुणोत्तरासाठी गुणक = ०.११ × गुणोत्तर + ०.७८.

उदाहरण : व्यास १०० मिमी, लांबी १५० मिमी, भार १५० किलोन्यूटन.
क्षेत्रफळ ७८५४ चौ. मिमी, ताकद १९.१ न्यूटन प्रति चौ. मिमी.
गुणक ०.९४५; सुधारित ताकद १८.०.
समतुल्य घन ताकद = १८.० × १.२५ = २२.५.

आयएस ४५६ : २००० नुसार किमान तीन कोअर हवेत. त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्क्यांहून कमी आणि कोणताही एक ७५ टक्क्यांहून कमी नसावा. एम२५ साठी या मर्यादा २१.२५ आणि १८.७५ आहेत. वरील कोअर एकटा समाधानकारक दिसतो, पण निर्णय तिघांवरूनच घ्यावा.

स्वाध्याय

१. कठीण खडीसाठी मऊ बंधक का निवडतात?
२. १५० मिमी बिटसाठी कडेचा वेग तोच ठेवायचा असल्यास मिनिटाला किती फेरे लागतील?