रंगाची गोळी आणि तिचं चाडं

१९८१ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात बारा गडी रानात शिरले. हाती होती झाडांवर रंगाची खूण करायची पिस्तुले. पेंटबॉल खेळाचा आरंभ हा असा. त्या हत्याराला आजही ‘मार्कर’च म्हणतात.

तुम्ही मार्कर घेतलात, की कोणीतरी सांगेल, ‘नळी बदला, नेम सुधारेल.’ जरा थांबा. गोळी बाहेर कशी जाते त्याआधी ती आत कशी येते ते पाहा. वरच्या डब्याला हॉपर म्हणतात. आपल्या पाभरीचं चाडंच म्हणा ना! साध्या डब्यातून गोळ्या स्वतःच्या वजनाने घरंगळतात आणि मध्येच अडतात. चाप भराभर ओढला, तर गोळी अर्धीच आत असताना दट्ट्या पुढे येऊन तिला चिरडतो. रंग नळीत पसरतो आणि पुढच्या गोळ्या भलतीकडेच जातात. यात नळीचा काय दोष? तेव्हा मोटारीने गोळ्या पुढे ढकलणारा हॉपर आधी घ्या. सावकाश खेळणाऱ्याला मात्र साधा डबाही पुरतो.

नळी घ्यायचीच, तर तिच्यात गोळी ठेवून फुंका. न फुंकताच घरंगळली, तर नळी सैल; फुंकूनही हलली नाही, तर तंग.

आणि हो, सेकंदाला ३०० फूट ही बहुतेक मैदानांवरची कमाल मर्यादा. त्या वेगानेही डोळा जातो. म्हणून मुखवट्याचे पैसे हॉपरच्याही आधी बाजूला काढा.