दीड वितीची जमीन

बदामीची बनशंकरी हे महाराष्ट्रातील कितीतरी घराण्यांचे कुलदैवत आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी सोलापूर-गदग मार्गाने ही यात्रा केली असेल. पौष पौर्णिमेच्या सुमारास तेथे देवीपुढे एकशे आठ भाज्यांचा नैवेद्य मांडतात. देवीचे एक नाव शाकंभरी, दुष्काळात लोकांना शाक पुरवून जगविणारी. परंतु त्याच देवळाच्या अंगणातून मान वर करून पाहिले तर समोर दिसतात त्या तांबूस, उघड्या टेकड्या. त्यांवर भाजी तर राहोच, धड काटेरी झुडूपही दाट वाढलेले दिसत नाही. यात्रेकरू म्हणतो, "काय उजाड मुलूख हा!" आणि नारळ फोडून परततो. मीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत आलो. आज मी बोलणार आहे ते या उजाड वाटणाऱ्या भूमीविषयी.

प्रथम तिचा खडक पाहू. पुण्यामुंबईच्या माणसास डोंगर म्हटला की काळा कातळच आठवतो. तो ज्वालामुखीचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. बदामीचा तांबडा खडक त्याहून कितीतरी पटींनी जुना आणि जातीनेही निराळा. पाण्याने वाहून आणलेली वाळू थरावर थर साचून, दडपली जाऊन, घट्ट झाली. त्यास वालुकाश्म म्हणतात. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाने दक्षिण महाराष्ट्र देशाच्या भूरचनेवर लिहिलेला प्रबंध १८७६ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने या खडकांच्या कुलास जवळच्या कलादगी गावावरून नाव दिले, ते आजही चालते. गोकाकचा धबधबा ५२ मीटर खाली कोसळतो तो याच कुलातील खडकावरून. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८ चा लेख आहे. त्या लेण्याच्या भिंतीशी जरा वेळ उभे राहावे. मूर्तींच्या अंगावरून तिरप्या रेषा गेलेल्या दिसतात. त्या शिल्पकाराच्या नव्हेत. वाळू साचताना प्रवाहाने घातलेल्या आहेत.

आता वाळूचा खडक झिजला तर काय व्हायचे? पुन्हा वाळूच. काळ्या कातळात चुना, लोह, मॅग्नेशियम यांनी युक्त अशी खनिजे असतात. ती कुजून चिकणमाती होते आणि कापूस-ज्वारीची काळी जमीन तयार होते. वालुकाश्मात मुख्यत्वे गारेचे कण. गार कुजत नाही, केवळ सुटी होते. त्यामुळे येथील मातीत चिकणमातीचा अंश थोडा आणि पिकाचे अन्नही थोडे. आगगाडीतून येताना मलप्रभेच्या खोऱ्यात काळी राने लागतात आणि पाहता पाहता टेकड्यांच्या पायथ्याशी तांबडी, रेताड माती सुरू होते. पायाखालचा खडक बदलला, एवढाच त्याचा अर्थ.

गेल्या पौषात दर्शन आटोपल्यावर मी टेकडीच्या उतारावर एका घळीपाशी बसलो. ओढ्याने कड सरळ कापली होती, त्यामुळे जमिनीचे पोट आयते उघडे पडले होते. वीत लावून मोजले, तर दीड वीत भरली. सर्वांत वर सुट्या खड्यांचा पातळ थर, फरशी अंथरावी तसा. त्याखाली चार बोटे तपकिरी, रेताड माती. तीत गवताच्या मुळांचे जाळे. त्याखाली माती अधिक तांबडी व किंचित चिकट, पण खडेही अधिक. आणि मग एकदम खडक. मास्तरकीची सवय जात नाही म्हणून आम्लाची लहान कुपी बरोबर ठेवतो. थेंब टाकला, पण माती फसफसली नाही. म्हणजे चुनखडी नाही. मूठभर माती चाळली, तेव्हा तिसरा हिस्सा खडे चाळणीवर राहिले.

एवढ्या सामग्रीवर एक साधे गणित करता येते. माझ्या मते या भूमीचे सारे रहस्य त्यात आहे. दीड वीत म्हणजे ढोबळमानाने ३० सेंटीमीटर धरा. तिसरा हिस्सा खडे वजा केले म्हणजे खरी माती राहिली २० सेंटीमीटर. अशा रेताड मातीत मुळांना ओढून घेता येईल असे पाणी तिच्या खोलीच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके मावते. तेव्हा ही जमीन पुरती भिजली तरी तिच्या भांड्यात पाणी किती? २० मिलिमीटर, बोटाच्या एका पेराहूनही कमी! पावसाळ्यातदेखील ऊन आणि वनस्पती मिळून दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी सहज उडवितात. पावसाने पाचसहा दिवस ओढ दिली की भांडे रिकामे. उलट एक मीटर खोल काळ्या रानात १५० मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाणी मावते. त्यावर रब्बीची ज्वारी पाऊस गेल्यानंतरही उभी राहते. या जिल्ह्याचा पाऊस वर्षाला ६० सेंटीमीटरांहूनही थोडा कमीच. तेव्हा तूट केवळ आभाळाची नाही. पाणी ठेवायला घरात हंडाच नाही, अशी अवस्था आहे.

अशा भूमीवर कोण जगेल? पाणी संपताच जो निजू शकतो आणि सर येताच जागा होतो, तोच. ज्वारीस ते साधत नाही, गवतास साधते. गवताचा जीव जमिनीलगतच्या बुडख्यात व मुळांत असतो. वरची पाती वाळली तरी ते मरत नाही. भारतातील गवताळ प्रदेशांचे जे वर्गीकरण १९७३ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केले, त्यात दख्खनसह द्वीपकल्पाचा बराच भाग पवन्या व मारवेल या गवतांच्या नावे घातला आहे. दोन्ही उत्तम चारा. पण चराई बेसुमार झाली की आधी ती हटतात आणि कुसळी माजते. तिची कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत रुततात. त्यानंतरही चराई थांबली नाही तर वीतभर उंचीची, वर्षभरात मरणारी निकृष्ट गवते येतात. त्यापुढे उरतो तो खडा. कोणत्या माळावर कोणते गवत आहे हे पाहून त्या माळाची प्रकृती सांगता येते, वैद्याने नाडी पाहावी तशी.

वरच्या खड्यांविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे, कारण त्यांस आपण उगीच दोष देतो. ते पावसाच्या थेंबांचा मार स्वतः झेलतात आणि उन्हापासून ओल झाकून ठेवतात. बारीक माती वाहून गेली म्हणूनच ते वर उरले, हे खरे. परंतु आता उरलेल्या मातीचे राखणदार तेच आहेत.

हे मला पूर्वी ठाऊक नव्हते, आणि त्याची शिक्षा एका माळाने भोगली. बेळगाव जिल्ह्यात घटप्रभेच्या खोऱ्यालगत एका शाळेत मी शिक्षक होतो. १९८५ साली राष्ट्रीय पडीक भूमी विकास मंडळ स्थापन झाले आणि पडीक जमिनीवर झाडे लावण्याची हवा देशभर पसरली. १९८७ च्या उन्हाळ्यात मी मुलांना पहारी देऊन गावाबाहेरच्या माळावर नेले. दोनशे खड्डे ठरविले होते, प्रत्येक गुडघाभर. दीड वितीवर पहार खणकन वाजे आणि ठिणगी उडे. तरी आम्ही खडक फोडला. एक वृद्ध धनगर काठीवर हनुवटी टेकून पाहत होता. तो म्हणाला, "मास्तर, खड्डं कशाला घेताय? ह्यात काय लागायचं न्हाई, आन् माझी मेंढरं जायाची कुठं?" मी त्यास झाडांचे महत्त्व समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले.

पहिल्याच वळवाने उपसलेली माती ओढ्यात गेली. खड्ड्यांत पाणी साचले, रोपांची मुळे कुजली. पावसाने ओढ दिली तेव्हा उरलेली वाळली. वर्षाने मोजली तेव्हा अकरा रोपे जिवंत होती. ती नीट पाहिली, तर त्या त्या ठिकाणी खडकाला भेग होती व मुळे तीत उतरली होती. वालुकाश्माच्या भेगांत पाणी मुरते. झाडाने तेथेच जावे, इतरत्र गवताने राहावे, अशी व्यवस्था त्या माळाने आधीच करून ठेवली होती.

धनगराचा दुसरा प्रश्न मला फार उशिरा उमजला. माळावर गवत खाल्लेली मेंढरे सुगीनंतर काळ्या शेतात बसवितात. त्यांच्या लेंड्यांनी आणि मुताने ते शेत पिकते. म्हणजे दुबळ्या माळाचे सत्त्व दरवर्षी खालच्या सबळ रानात जाते, आणि सरकारी दप्तरात माळास 'पडीक' म्हणतात! ज्याचे दूध सारे घर पिते, त्यास भाकड म्हणावे तसे हे आहे. पडीक म्हटले की मग कोणी तेथे खाण काढतो, कोणी कुंपण घालतो, कोणी माझ्यासारखा खड्डे घेतो.

मग करावे काय? पहिल्या पावसापासून गवताचे बी पडेपर्यंत माळाचा एक भाग आळीपाळीने राखावा. जुने लोक कुरण राखीत ते हेच. उतारावर आडवे, सुट्या दगडांचे गुडघ्याहून कमी उंचीचे बांध घालावेत, म्हणजे वाहती माती त्यांच्या आड थबकते. झाड लावायचेच असेल तर आधी भेग शोधावी. पहार मात्र घरी ठेवावी. वीतभर माती घडण्यास हजारो वर्षे लागत असावीत, आणि ती उडविण्यास शाळेची एक सहल पुरते.

गतवर्षी मी त्या माळावर पुन्हा गेलो होतो. धनगर केव्हाच वारला. त्याचा नातू मेंढ्या वळतो. आमचे पुष्कळ खड्डे बुजले आहेत, पण खुणा दिसतात. वरून वाहून आलेली माती त्यांत बसली आहे आणि तेवढ्या तेवढ्या जागी मारवेल उगवला आहे. खड्ड्यांभोवती, जेथे आम्ही माती उपसून ढीग केले होते, तेथे अजून खडाच आहे. अकरांपैकी सात झाडे उभी आहेत, आणि दुपारी मेंढ्या त्यांच्या सावलीत बसतात.