तबकडी, काडतूस आणि किंमत : डहाणू-तलासरीच्या संदर्भात शॉटगन नेमबाजीचे अर्थकारण

गोषवारा

उडती तबकडी बंदुकीने टिपण्याच्या क्रीडाप्रकारात प्रत्येक नेमाबरोबर किमान एक काडतूस कायमचे खर्ची पडते. त्यामुळे काडतुसाची किंमत आणि उपलब्धता या दोन बाबी सरावाचे प्रमाण ठरवितात. २०२० नंतर जागतिक पातळीवर काडतुसांची टंचाई व भाववाढ का झाली, भारतीय हौशी नेमबाजाला तिची झळ अधिक का बसते आणि पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांतील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तिचा अर्थ काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. प्रस्तावना

भारतीय नेमबाजीच्या यशाची चर्चा प्रामुख्याने पदकांच्या अंगाने होते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळविले. २००६ मध्ये मानवजितसिंग संधू ट्रॅप प्रकारात विश्वविजेते झाले. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने ट्रॅपचे सुवर्णपदक पटकाविले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये माहेश्वरी चौहान व अनंतजितसिंग नरुका यांच्या मिश्र स्कीट जोडीचे कांस्यपदक अवघ्या एका गुणाने हुकले. या यशामागे असलेल्या साधनसामग्रीच्या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. धावपटूला धावण्यासाठी पायवाट पुरते. कबड्डीला अंगण पुरते. शॉटगन नेमबाजाला मात्र सरावाचा प्रत्येक क्षण विकत घ्यावा लागतो. म्हणूनच काडतुसाच्या किमतीचा प्रश्न हा मुळात या खेळात कोणाला प्रवेश मिळणार, हा प्रश्न आहे.

२. खेळाचे स्वरूप आणि काडतुसांची गरज

‘क्ले टार्गेट’ या नावावरून लक्ष्य मातीचे असावे असा समज होतो. प्रत्यक्षात आजची तबकडी डांबरासारखा पदार्थ व चुनखडीची भुकटी यांच्या मिश्रणातून बनविली जाते. तिचा व्यास सुमारे ११० मिलिमीटर आणि वजन सुमारे १०५ ग्रॅम असते. ट्रॅप प्रकारात नेमबाजासमोरील खंदकात बसविलेल्या यंत्रांतून ही तबकडी वेगवेगळ्या कोनांत दूर फेकली जाते. स्कीट प्रकारात दोन बाजूंच्या मनोऱ्यांतून तबकड्या सुटतात आणि नेमबाज आठ स्थानांवरून त्यांचा वेध घेतो. दोन्ही प्रकारांत बारा बोअरची बंदूक वापरली जाते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका काडतुसातील छर्ऱ्यांचे वजन २४ ग्रॅमपेक्षा अधिक असू शकत नाही.

एका फेरीत २५ तबकड्या असतात आणि पात्रता फेरीत एकूण १२५. ट्रॅपच्या पात्रता फेरीत एका तबकडीवर दोन बार टाकण्याची मुभा असते. त्यामुळे एका स्पर्धेला १२५ ते २५० काडतुसे लागू शकतात. परंतु खरा खर्च स्पर्धेचा नसून सरावाचा आहे. उदाहरणादाखल असे गृहीत धरू की, एक होतकरू नेमबाज आठवड्यातून तीन दिवस, दररोज चार फेऱ्या आणि वर्षातील ४० आठवडे सराव करतो. त्याच्या वाट्याला वर्षाकाठी १२,००० तबकड्या येतात. दर पाच तबकड्यांमागे एकदा दुसरा बार टाकावा लागला, तर एकूण १४,४०० काडतुसे लागतील. या हिशेबाने काडतुसामागे केवळ १ रुपयाची वाढ झाली तरी वार्षिक खर्चात १४,४०० रुपयांची भर पडते. १० रुपयांची वाढ झाल्यास ती १,४४,००० रुपयांवर जाते. बंदुकीची किंमत एकदाच मोजावी लागते, काडतुसाची मात्र रोज. या खेळातील खरा अडसर बंदूक नसून काडतूस आहे, असे म्हणता येते ते याच अर्थाने.

३. काडतुसाची घडण आणि भाववाढीची कारणे

भाववाढीची कारणे समजून घेण्यासाठी काडतुसाची रचना ध्यानात घेणे आवश्यक आहे. काडतुसाचे पाच मुख्य घटक असतात : प्लॅस्टिकचे नळकांडे व त्याचे धातूचे बूड, ठिणगी पाडणारी टोपी, धूररहित दारू, दारू व छर्रे यांच्यामधील प्लॅस्टिकची गुडदी आणि शिशाचे छर्रे. यांपैकी दारू, टोपी व छर्रे हे तीन घटक युद्धसामग्रीच्या उत्पादनाशी थेट निगडित आहेत.

धूररहित दारूचा मूळ घटक नायट्रोसेल्युलोज हा होय. तो प्रामुख्याने कापसापासून, विशेषतः सरकीवर चिकटून राहिलेल्या आखूड लवेपासून तयार होतो. या लवेला व्यापारात लिंटर म्हणतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर तोफगोळ्यांची मागणी प्रचंड वाढली आणि नायट्रोसेल्युलोजचा ओघ तिकडे वळला. युरोपातील कारखाने लिंटरसाठी मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून असल्याची बाब २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या पातळीवर चिंतेचा विषय ठरली. खानदेश-विदर्भातील कापूस उत्पादकाला क्षुल्लक वाटणारी सरकीवरची लव अशा रीतीने जागतिक राजकारणाचा विषय बनली.

दुसरा घटक अँटिमनी. निव्वळ शिसे मऊ असल्याने छर्रे नळीत चेपले जातात व भरकटतात. म्हणून त्यात साधारणतः २ ते ५ टक्के अँटिमनी मिसळले जाते. टोपीतील मिश्रणातही अँटिमनीचे संयुग वापरले जाते. या धातूच्या जागतिक खाणउत्पादनात चीनचा वाटा जवळपास निम्मा राहिला आहे. चीनने १५ सप्टेंबर २०२४ पासून अँटिमनीच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली. वर्षाच्या प्रारंभी टनाला सुमारे १२,००० डॉलर असलेला भाव वर्षअखेरीस ३५,००० डॉलरच्या पुढे गेला.

तिसरे कारण मागणीच्या बाजूचे आहे. २०२० मध्ये कोविड साथीच्या काळात अमेरिकेत बंदुका व काडतुसांची विक्रमी खरेदी झाली. त्याच वर्षी रेमिंग्टन या जुन्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केल्याने पुरवठ्याची साखळी आणखी विस्कळीत झाली. चौथे कारण मालकीतील बदलाचे. १८७६ मध्ये स्थापन झालेल्या इटलीतील फिओकी या काडतूस उत्पादक कंपनीतील ७० टक्के हिस्सा २०२२ मध्ये चेकोस्लोव्हाक ग्रुप या समूहाने घेतला. २०२४ मध्ये अमेरिकेतील फेडरल व रेमिंग्टन यांचा काडतूस व्यवसायही याच समूहाकडे गेला. हा समूह तोफगोळ्यांचाही मोठा उत्पादक आहे. खेळाचे काडतूस आणि रणांगणावरील दारूगोळा एकाच कच्च्या मालावर व अनेकदा एकाच मालकाच्या छपराखाली तयार होऊ लागल्यावर प्राधान्य कशाला मिळणार, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

४. भारतीय नेमबाजाची विशेष अडचण

जागतिक भाववाढ सर्वांनाच लागू असली तरी भारतात तिचे परिणाम अधिक तीव्र होतात. स्पर्धात्मक सरावासाठी भारतीय नेमबाज मुख्यतः आयात काडतुसांवर अवलंबून आहेत. २०२२ च्या प्रारंभी डॉलरमागे सुमारे ७५ रुपये असलेला विनिमय दर २०२४ च्या अखेरीस ८५ रुपयांवर गेला. म्हणजे परदेशातील भाव स्थिर राहिला असता तरीही येथील किंमत वाढलीच असती.

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनी काडतुसांची खरेदी व साठा परवान्याने नियंत्रित केला आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे नियंत्रण रास्तच आहे. परंतु त्यामुळे भाव कमी असताना भरपूर साठा करून ठेवण्याचा मार्ग सामान्य नेमबाजाला बंद होतो. अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज रिकामी नळकांडी घरीच पुन्हा भरून खर्च वाचवितात. भारतात परवान्याविना काडतूस तयार करणे हा गुन्हा असल्याने तोही पर्याय उरत नाही.

केंद्रीय गृहमंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये नेमबाजांसाठी नियम शिथिल केले. आंतरराष्ट्रीय पदकविजेते व ख्यातनाम नेमबाज यांना सवलतीच्या वर्गात क्रीडाप्रकारांच्या संख्येनुसार ८ ते १२ शस्त्रे बाळगण्याची, तर कनिष्ठ व होतकरू नेमबाजांना एकाऐवजी दोन शस्त्रे बाळगण्याची मुभा मिळाली. सरावासाठीच्या काडतुसांची मर्यादाही वाढविण्यात आली. तथापि मर्यादा वाढणे आणि काडतूस परवडणे या भिन्न गोष्टी आहेत. आयातीतील सवलतींचा लाभ प्रामुख्याने नामांकित नेमबाजांना मिळतो. जो अद्याप नामांकित झालेला नाही, त्याला पूर्ण किंमत मोजून नामांकित व्हावे लागते. टंचाईचा पहिला घाव या हौशी व नवशिक्या वर्गावर पडतो. त्यांचा सराव आठवड्यावरून महिन्यावर येतो, क्लबांची वर्गणी आटते, यंत्रांच्या देखभालीचा भार उरलेल्यांवर पडतो आणि खेळाचा पाया आक्रसत जातो.

देशी उत्पादनाचा विचार करता महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. बारा बोअरची काडतुसेही येथे बनविली गेली आहेत. त्यांच्या बुडावरील ‘केएफ’ ही अक्षरे जुन्या परवानाधारकांच्या परिचयाची आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीचा भाग असून तिचे मुख्यालय पुण्यातच आहे. सैन्यदलांची गरज भागविणे हे अशा कारखान्याचे प्रथम कर्तव्य होय. त्यापलीकडे स्पर्धेच्या दर्जाच्या, २४ ग्रॅम छर्ऱ्यांच्या काडतुसांचे नियमित देशी उत्पादन झाले, तर आयातीवरील अवलंबन कमी होऊ शकेल.

५. डहाणू व तलासरीचा संदर्भ

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ७० टक्के, तर तलासरीत ९० टक्क्यांच्या आसपास होते. वारली समाजात तिरकमठ्याची परंपरा जुनी आहे. त्यावरून ‘आदिवासी मुलांच्या हाती नेम उपजतच असतो’ असे विधान क्रीडाविषयक भाषणांतून सर्रास केले जाते. हे विधान गौरवपर वाटले तरी दिशाभूल करणारे आहे. वर दाखविल्याप्रमाणे तबकडी-नेमबाजीतील कौशल्य हजारो बारांच्या सरावातून येते आणि तो सराव विकत घ्यावा लागतो. उपजत गुणांची स्तुती करून साधनांचा प्रश्न टाळता येत नाही.

या परिसरात बंदूक पूर्णतः अपरिचित नाही. शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी परवाना देण्याची तरतूद आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर शिकारीचा मार्ग बंद झाला आणि हलत्या लक्ष्यावर बंदूक चालविण्याचा कायदेशीर क्रीडामार्ग म्हणून तबकडीच उरली. परंतु पिकासाठी मिळालेला परवाना हा खेळाचा परवाना नव्हे. सरावाचे अंतरही मोठे आहे. डहाणू रोड स्थानक चर्चगेटपासून सुमारे १२४ किलोमीटर दूर आहे. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरीय लोकल तेथपर्यंत पोहोचली. तलासरीच्या विद्यार्थ्याला मात्र प्रथम रस्त्याने स्थानक गाठावे लागते.

येथेच तबकडी-नेमबाजीचे मैदान उभारावे, ही सूचना आकर्षक वाटली तरी तिची दुसरी बाजू तपासावी लागेल. पूर्वी गृहीत धरलेल्या १४,४०० काडतुसांतून एकट्या नेमबाजाकडून वर्षाला सुमारे ३४५ किलो शिसे जमिनीवर पडते. छर्रे सुमारे २०० मीटरपर्यंत जाऊ शकतात, त्यामुळे मोकळी जागाही बरीच लागते. केंद्र शासनाने २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित केला. चिकूच्या वाड्या, खाजणे व विहिरींच्या या प्रदेशात शिसे गोळा करण्याच्या पक्क्या व्यवस्थेविना असे मैदान उभारणे इष्ट ठरणार नाही.

६. शक्य असलेले मार्ग

मध्य प्रदेशचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. भोपाळ परिसरातील मच्छीमार कुटुंबातील मनीषा कीर या मुलीला राज्य नेमबाजी अकादमीत प्रवेश मिळाला. बंदूक, काडतुसे व प्रशिक्षण यांचा भार संस्थेने उचलला. २०१८ च्या जागतिक स्पर्धेत तिने कनिष्ठ गटात ट्रॅपचे रौप्यपदक मिळविले आणि हांगझोऊ येथील रौप्यविजेत्या महिला ट्रॅप संघातही ती होती. डहाणूच्या किनाऱ्यावरही मच्छीमारांची वस्ती आहे. फरक गुणवत्तेचा नसून काडतुसाचा खर्च कोण उचलतो याचा आहे. महाराष्ट्रात क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आलेल्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. संस्थात्मक आधाराचे महत्त्व या राज्यातही सिद्ध झालेले आहे.

महाविद्यालयांच्या आवाक्यातील मार्ग पुढीलप्रमाणे सांगता येतील :

(अ) प्रारंभ १० मीटर एअर रायफलपासून करावा. विहित शक्तिमर्यादेतील ०.१७७ बोअरच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही, एक लांब सभागृह पुरते आणि तिचा छर्रा काडतुसाच्या तुलनेत अत्यल्प खर्चाचा असतो.

(आ) धनुर्विद्येला समान स्थान द्यावे. धनुष्य महाग असले तरी बाण पुन्हापुन्हा वापरता येतो. साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिन येथे कंपाउंड प्रकारातील वैयक्तिक विश्वविजेतेपदे मिळवून महाराष्ट्राची क्षमता दाखवून दिली आहे.

(इ) या दोन प्रकारांत चमकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालये, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प व राज्य नेमबाजी संघटना यांनी एकत्रितपणे अकादमी-प्रवेशाची वाट तयार करावी आणि काडतुसांची तरतूद शिष्यवृत्तीचाच भाग मानावी. ती रुपयांत न ठरविता काडतुसांच्या संख्येत ठरवावी. अन्यथा पुढील भाववाढ शिष्यवृत्ती गिळून टाकील.

७. समारोप

काडतुसाची टंचाई हा केवळ सधन हौशी मंडळींचा प्रश्न आहे, असे वरकरणी वाटते. वस्तुतः सधन नेमबाज भाववाढ सोसून खेळत राहतो. खेळाबाहेर फेकला जातो तो पहिल्या पायरीवर उभा असलेला विद्यार्थी. युक्रेनमधील युद्ध, चीनचे निर्यातधोरण आणि रुपयाची घसरण यांवर तलासरीच्या महाविद्यालयाचे नियंत्रण नाही. पण त्यांचा भार एकट्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर पडू द्यायचा की संस्थांनी तो वाटून घ्यायचा, हा निर्णय येथेच घेता येण्यासारखा आहे.