डब्यातील प्रथिने आणि घरातील दूध

सन १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एका मराठी तरुणीने प्रवेशासाठी अर्ज केला. केवळ स्त्री म्हणून संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तिला नकार दिला. कमला भागवत, म्हणजेच पुढील कमला सोहोनी, मागे हटल्या नाहीत. एका वर्षाच्या अजमावणीच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला आणि श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला.

आज त्याच बंगळुरात व्यायामशाळेतून परतणारा मुलगा दुधाच्या प्रथिनांच्या भुकटीचा महागडा डबा मागतो. आईवडिलांना प्रश्न पडतो, हे द्यावे काय?

दूध नासले म्हणजे चोथा खाली बसतो व हिरवट पिवळसर निवळी वर राहते. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन चोथ्यात, तर सुमारे २० टक्के प्रथिने निवळीत असतात. चीज करताना उरलेली निवळी गाळून, आटवून व वाळवून ही भुकटी तयार होते. तिच्यात शरीरास आवश्यक अशी सर्व अमिनो आम्ले असून ती लवकर पचते. अन्न पुरेसे न जाणारे वृद्ध, दुखण्यातून उठलेले रुग्ण किंवा कठोर व्यायाम करणारे खेळाडू यांना ती उपयोगी पडते. मात्र व्यायामावाचून नुसत्या भुकटीने स्नायू वाढत नाहीत.

निरोगी प्रौढास वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. साठ किलो वजनाच्या माणसास ही गरज सुमारे ५० ग्रॅम होय. २५० मिलिलिटर दुधातून सुमारे ८ ग्रॅम मिळतात. उरलेली भर भाकरी, वरण, उसळ, दही, अंडी यांनी पडते. धान्यात लायसिन कमी, तर डाळीत मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र खाल्ली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात, असा सल्ला राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिला आहे.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून भुकटी घेऊच नये. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यास ती वर्ज्यच होय. ज्यांना दूध पचत नाही त्यांना काही भुकट्यांतील दुग्धशर्करेने पोटफुगी व जुलाब होतात. डबा घेतलाच तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, साखरेचे प्रमाण आणि मुदत पाहूनच घ्यावा.

मुलावर रागावण्यापेक्षा एका संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून त्याच्या दिवसभराच्या ताटातील प्रथिनांचा हिशेब मांडावा. पुष्कळदा डब्याचे पैसे दूध, डाळ व अंडी यांवर खर्च केले तर संपूर्ण घराचेच पोषण होते.